वरवंटा अजून पाण्यातच आहे, ताई

ताई,

तुझ्या पिंडाला कावळा शिवायला दोन मिनिटंही लागली नाहीत. घाटावरून परतलेली माणसं अंगणात हातपाय धुताधुता हेच सांगत होती. बाई तृप्त गेली, मागं काही अडकवून ठेवलं नाही. मी तांब्या घेऊन दारात उभी होते. मनात म्हटलं, ठेवलं नाही कसं? चार फुटांची काचेची टाकी ठेवली, टाकीत एक मासा ठेवला आणि त्या माशाच्या पहाऱ्यात आपल्या आईचा वरवंटा ठेवला. वर भाऊजींजवळ निरोप: 'माह्यामागं सरपंच सुनीले द्या.'

सुनी म्हणजे मी, सुनंदा, तुझी धाकटी बहीण. सरपंच म्हणजे तो मासा.

तू गेल्याला दीड महिना होतो आहे. जठारपेठेतल्या तुझ्या शेजारणी तुझ्याबद्दल चांगलं बोलतात, भाऊजी चांगलं बोलतात, तुझी लेक पल्लवी तर तुझं नाव निघालं की रडते. मलाही चांगलं बोलायचं आहे. पण आधी आपलं भांडण पुरं करू. तू मध्येच उठून गेलीस.

आईला लकवा झाला तेव्हा ती वलगावला एकटी राहत होती. वलगाव माझ्या अमरावतीपासून हाकेच्या अंतरावर. तिला मी आणायला हवं होतं. 'घरात जरा सोय करते, मग बघू' असं मी म्हणत राहिले, आणि तू अकोल्याहून गाडी घेऊन आलीस, आईला उचललंस, तिचा पाटा-वरवंटासुद्धा डिकीत टाकलास आणि गेलीस. अकरा महिने ती तुझ्याकडे होती. मी रविवारी यायचे. बडनेऱ्याहून रेल्वे, अकोल्याला ऑटो, बारापर्यंत तुझ्या दारात. आल्याआल्या मी पदर खोचायचे आणि तू म्हणायचीस, "सरक, तुले नाही जमत."

आईची वेणी घातली तर ती सोडून पुन्हा घालायचीस. कूस बदलायला हात लावला तर, "सरक, खांदा दुखते तिचा." पेज भरवायला बसले तर चमचा हातातून काढून घ्यायचीस. "ठसका लागंन. सरक." मी पलंगाच्या पायथ्याशी खुर्चीवर बसून राहायचे, कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखी. संध्याकाळच्या गाडीनं परत. घरी आल्यावर यांना सांगायचे, ताई मला आईजवळ फिरकू देत नाही.

हे खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं आज लिहिते. तू 'सरक' म्हणालीस की मला सुटल्यासारखं वाटायचं. आईच्या अंगाखालची चादर बदलायची मला किळस यायची. माझ्या आईची. तुझ्या त्या एका शब्दाच्या आड मी अकरा महिने लपून बसले, आणि बाहेर येऊन तुझ्याच नावानं खडे फोडले.

आई गेली त्या सकाळी साडेआठला माझा फोन वाजला. तुझं नाव दिसत होतं. मी पोहे खात होते. तुझा फोन म्हणजे 'रजा टाक अन् ये', हे मला पाठ झालेलं. मी फोन पालथा घातला. तो पुन्हा वाजला, आणि थांबून पुन्हा एकदा. मी पोहे संपवले, डबा भरला, कॉलेजच्या ऑफिसात जाऊन टेबलाशी बसले. त्या दिवशी तिथं काही विशेष काम नव्हतं, हेही सांगून टाकते. साडेअकराला भाऊजींनी यांना फोन करून कळवलं.

मी पोचले तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. दारातच बसकण मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मले कोणी कळवलंच नाही. माह्या आईचं तोंडबी नाही पाहू देलं."

तू आईच्या उशाशी होतीस. मान वर करून पाहिलंस. तुझा फोन तुझ्या मांडीवर होता. एका बोटानं तू मला खोटं पाडू शकली असतीस. पाडलं नाहीस. पुन्हा खाली मान घालून आईच्या कपाळावरचे केस मागं सारत राहिलीस.

ते न बोलणं मी पाच वर्षं वापरलं. ज्या नातेवाइकाकडे गेले तिथं तेच वाक्य टाकून आले. तिवशाच्या मामी तुझ्याशी बोलेनाशा झाल्या, पल्लवीच्या लग्नातसुद्धा आल्या नाहीत. ते माझं काम होतं.

तेरावं झाल्यावर मी पाटा-वरवंटा मागितला. आईच्या लुगड्यांवर, भांड्यांवर माझा डोळा नव्हता. पण त्या वरवंट्याची एक गोष्ट आई नेहमी सांगायची. माझ्या बारशाला रिवाजाप्रमाणे आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं, 'कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या' झालं, आणि मग मला पाळण्यात घालायची वेळ आली तर तू वरवंटा सोडेचना. सहा वर्षांची तू. तो कुंचीतला दगड मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलीस. हेच माहं बाळ, म्हणालीस, ते रडकं तुमीच ठेवा. आत्या घ्यायला आली तर तिच्या हाताला चावलीस. आई हे सांगताना दरवेळी हसायची, आणि दरवेळी मला वाटायचं, त्या दगडावर खरा हक्क माझा आहे. बारसं माझं होतं.

"पाटा ने," तू म्हणालीस. "वरवंटा मी ठेवते."

तिवशाच्या मामी तिथंच होत्या. "अवं, पाट्या-वरवंट्याची जोडी मोडते का कोणी?"

"मोडली आहे ते आधीच," तू म्हणालीस, आणि माझ्याकडे पाहिलंस.

मी पाटा गाडीत टाकला आणि आणला. नुसत्या पाट्यावर काय वाटणार? पाच वर्षं तो माझ्या ओट्याखाली पडून होता, वर कांद्यांची टोपली. तुझ्याकडे नुसता वरवंटा. आपण दोघी शहाण्यासुरत्या, नोकऱ्या केलेल्या बायका, आणि एका चटणीचे दोन दगड दोन जिल्ह्यांत नेऊन ठेवले.

मग तू मासा आणलास.

फ्लॉवरहॉर्न. बोटाएवढा आणलेला, दोन वर्षांत वीतभर झाला. तांबडं अंग, बाजूनं काळे ठिपके आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ. "इलेक्शनमधी कपाळ सुजलं याचं," तू सांगायचीस, "म्हून सरपंच." त्याच्या टाकीत दुसरा मासा चालत नाही. सोबतीला सोडलेले दोन त्यानं पहिल्याच दिवशी फाडले. गोटे तोंडात धरून इकडचे तिकडे करायचा, सगळं त्याच्या मनासारखं लागेपर्यंत. आणि मधोमध आईचा वरवंटा. दगड वाळूवर ठेवला तर तो खालून उकरतो, दगड घरंगळतो आणि काच फुटते, म्हणून तू वाळू बाजूला सारून वरवंटा थेट तळाला टेकवलास, दोन्ही बाजूंनी चपट्या दगडांचे टेकू दिलेस. हे सगळं तू मला मी न विचारता समजावून सांगितलंस. नळाचं पाणी दोन दिवस ड्रममध्ये ठेवल्याशिवाय घालायचं नाही. आठवड्याला टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, सगळं नाही. टाकीतल्या कुठल्याच वस्तूला साबण लावायचा नाही. अकोल्याच्या मे महिन्यात तू त्याच्यासाठी फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायचीस आणि टाकीत तरंगत सोडायचीस. भाऊजी म्हणायचे, "मले थंड पाणी माठातलं, सरपंचाले बर्फ."

मी कधीही आले की तू टाकीचं झाकण उघडायचीस. "पायजे ना वरवंटा? हात घाल. सरपंचानं देला तर ने."

एकदा घातला. तो वरवंट्यामागून आला आणि अंगठ्याच्या मुळाशी चावला. दात बारीक असतात, पण कातडी सोलली. तू इतकी हसलीस की तुला खाली बसावं लागलं. डोळे पुसलेस, उठलीस, हळद आणलीस आणि माझा हात तुझ्या मांडीवर घेऊन लावलीस. "त्याले समजते माणसाची नियत," म्हणालीस. ते हसणं मी माफ केलेलं नाही. हळद तर मुळीच नाही.

आणि मीही गप्प बसले नाही. भाऊजींच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तुम्ही दोघं चार दिवस नागपूरला गेलात, तेव्हा सरपंचाकडे बघायला तू मलाच बोलावलंस. आजही कळत नाही, मलाच का. डिसेंबर होता. कागदावर सगळं लिहून ठेवलं होतंस: दोन वेळा, बारा-बारा दाणे. हीटरच्या बटणाला हात लावायचा नाही. बटणावर चिकटपट्टीही लावलेली. दोन दिवस मी सगळं नीट केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी निघताना चपला घातल्या, परत आत आले, पट्टी उचकटली, हीटर बंद केला, पट्टी पुन्हा चिकटवली. तुम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होतात.

सरपंचाच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके उठले. पंधरा दिवस तू पाणी कोमट ठेवून, मापानं मीठ घालून त्याला वाचवलंस. मग फोन केलास. मी उचलला. आई गेल्यापासून तुझे फोन मी पहिल्या घंटेला उचलत असे.

"आवंदा थंडी लय हाय, सुनी," तू म्हणालीस. "बटणावरची पट्टीबी निंघून गेली थंडीनं."

मी म्हणाले, "हो ना." आणि तू भाजीचं काहीतरी बोलायला लागलीस.

हीच तर तुझी पद्धत. माझं प्रत्येक पाप तुला ठाऊक असायचं आणि तू ते माझ्यासमोर फक्त झाकून ठेवायचीस, दुधावर ताटली ठेवावी तसं. भांडली असतीस तर मी भांडले असते. रडले असते. तू मला तेवढीही जागा दिली नाहीस.

तर, तुझ्या निरोपाप्रमाणे सरपंच अमरावतीला आला. भाऊजींनी त्याला रंगाच्या रिकाम्या बादलीत, त्याच्याच टाकीच्या पाण्यात घालून दिलं, वर बॅटरीवरचा पंप. टाकी मागून टेम्पोत. वरवंटा मी तुझ्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला. मूर्तिजापूर येईपर्यंत टॉवेल झिरपून माझी साडी ओली झाली होती. मी तो खाली ठेवला नाही.

घरी टाकी लावली, वाळू घातली, गोटे घातले, सरपंचाला सोडलं. वरवंटा घातला नाही. मी जिंकले होते, ताई. तू गेलीस आणि मी जिंकले, इतकं सरळ मला वाटत होतं. वरवंट्यावरचं शेवाळ काथ्यानं घासलं. ओट्याखालून पाटा ओढून काढला. बरबटीचे दाणे भिजत घातले, आईसारखे वडे करायचे म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी पाच वर्षांनी ती जोडी लावली.

वरवंटा घसरत होता. दोन्ही दगड छिन्नीनं टोचून घेतल्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे. बरबटी वाटली जाईना, नुसती पसरायची. शेवटी मिक्सरमध्ये फिरवली. तरी वड्यांना पाण्याचा, शेवाळाचा वास. यांनी एक खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरे झाले."

तिकडे सरपंच खाईना. एका कोपऱ्यात खाली बसून राहिला. रंग उतरला, टेंगूळ सुकल्यासारखं झालं. दाणे टाकले की बुडायचे, मी ते नळीनं ओढून काढायचे. मासेवाल्या दुकानदाराला विचारलं. त्यानं हीटर विचारला, पाणी विचारलं, सगळं बरोबर होतं. मग म्हणाला, "याच्या पहिल्या टाकीतलं काही ठेवलं काय तुमी? मोठा दगड गिगड? नाही? बाई, याचा सारा जोर राखण्यात असते. राखायले काही नसंन तर हा खाऊन करंन काय?"

मी घरी येऊन बराच वेळ चपला न काढता बसले. आई गेल्यावर सहा महिन्यांतच तू हा मासा आणला होतास. हे तेव्हा माझ्या डोक्यात का आलं नाही?

अकराव्या दिवशी हे म्हणाले, "अवं, तुह्या ताईच्या पिंडाले कावळा दोन मिनिटात शिवला. हा अकरा दिवस झाले शिवून नाही राहिला. काही राह्यलं असंन तं बोलून टाक."

"माशापाशी?"

"मंग? माणसापाशी तू कधी बोलली?"

मी टाकीशी बसून बोलले नाही. तसलं मला जमत नाही. पण त्याच दुपारी भाऊजींचा फोन आला, सरपंचानं खाल्लं का विचारायला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊजी, आई गेली त्या सकाळी ताईचे फोन आले व्हते मले. तीन. मी उचलले नाही."

"माहीत आहे मले," भाऊजी म्हणाले.

"ताईनं सांगितलं?"

"मी तिथंच व्हतो, सुनंदा. तुह्या आईनं तुहं नाव घेतलं. तोंड वाकडं, तं उनी-उनी ऐकू येत व्हतं. तुह्या ताईनं फोन लावला अन् आईच्या कानाले धरला. तुही ते बासरीची कॉलर ट्यून लागली. आई मान हालवून राहिल्या व्हत्या. त्याइले वाटलं, तूच काहीतरी ऐकवून राहिली. थांबली की डोळे उघडत, म्हून तिनं पुन्हा लावला. मंग पुन्हा."

मी विचारलं, "ताईनं मले काहून नाही सांगितलं? पाच वर्षं?"

"मी म्हटलं व्हतं सांग म्हून. तं म्हणे, नाही. तिले तेवढंच पुरंन."

"म्हंजे?"

"ते मलेबी नाही समजलं," भाऊजी म्हणाले.

तेवढंच पुरंन. फोन न उचलल्याचं दुःखच मला जन्मभर पुरेल, वर आणखी बोजा नको, असं म्हणालीस? की एवढ्या शिक्षेवर ती कुजू दे, असं? दया होती की सूड? विचारायला तू नाहीस, आणि मला माहीत आहे, असतीस तरी म्हणाली असतीस, "सरक." तर मीच ठरवते. मी तो सूड धरते. दया मला तुझ्याकडून नको. दया घेतली तर मी तुझ्यापुढे कधीच उभी राहू शकणार नाही. तुझ्या फोटोपुढेसुद्धा नाही.

त्यानंतर मी तिवशाच्या मामींना फोन करून खरं काय ते सांगितलं. "आता सांगतं तू," म्हणाल्या. "ते तं गेली." आणि फोन ठेवला. तो घाव माझा मी घेतला आहे, तुला सांगून ठेवते.

मग मी पाट्यावरून वरवंटा उचलला, साध्या पाण्यानं धुतला, पदर खोचला आणि टाकीत हात घातला. कोपऱ्यातला फिका, मरगळलेला सरपंच आला आणि त्याच जागी चावला. मी हात काढला नाही. वाळू सारून दगड तळाला टेकवायचा, मग एका हातानं तो धरून दुसऱ्या हातानं टेकू लावायचे, याला वेळ लागतो. तेवढ्यात तो आणखी दोनदा चावला. मी शेवटचा टेकू बसवला आणि मगच हात बाहेर घेतला. हळद माझी मीच लावली.

तासाभरानं त्यानं चार दाणे खाल्ले.

आता माझा सूड काय आहे ते ऐक. हे मासे दहा-दहा वर्षं जगतात म्हणे. तो मेला की मी वरवंटा बाहेर काढीन, दोन्ही दगड टोचून घेईन आणि वडे करीन. तोवर वाट पाहायची. पण मी त्याला लवकर मरू देणार नाही. जितकी वर्षं तू त्याला सांभाळलंस, त्यापेक्षा एक वर्ष तरी जास्त मी सांभाळणार. बाटल्या फ्रीजरमध्ये लावल्या आहेत. दोन दिवस गावाला जायचं झालं तर मी जात नाही. परवा त्यानं आणखी एक गोष्ट केली, ती तुला कळायलाच हवी. काचेवर बोट ठेवून मी डावीकडून उजवीकडे नेलं, तर तो बोटामागं आला. टेंगूळ पुन्हा भरलंय. तुझ्या बोटामागं यायचा, अगदी तसा. त्याला तुझा विसर पडतोय, ताई. मीच पाडते आहे.

दर रविवारी मी त्याचं पाणी बदलते. बारा वाजता, ज्या वेळी मी तुझ्या दारात पोचत असे. नळीनं तळाची घाण ओढताना हाताला लागते, वास येतो. पूर्वी मला मळमळलं असतं. आता नाही मळमळत. आईसाठी हे हात एकदाही असे भरले नाहीत, ते आता तुझ्या माशासाठी भरतात, आणि दर वेळी वाटतं, तू मागं येऊन उभी राहिली आहेस, माझ्या हातातली नळी काढून घ्यायला.

सरक, ताई. मले जमते.